डावा पीळ

४ एप्रिल

ठकू,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांत तुझी जी काही पत्रं आली ती सगळी 'मी बरी आहे, तूही बरी असशील' छापाची. त्यामुळे या कार्डावर एकच ओळ पाहून मला वाटलं, बाकीचा मजकूर वाटेत गळून पडला की काय. 'आई, मी परत आले तर?' आणि खाली सही. का, कशासाठी, चार दिवसांसाठी की कायमची, काही नाही. लहानपणीही पोट दुखतंय म्हणून गळा काढायचीस आणि कुठे दुखतंय ते सांगायची नाहीस.

उत्तर लगेच देत नाही. विचार करून देईन. तू गेलीस तेव्हाही मी विचार करूनच बोलले होते आणि जे बोलले ते मागे घेत नाही. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा, असल्या मुलखात एका शिडीएवढ्या माणसाच्या मागे जायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. जावयाला शिडी म्हणते म्हणून रागावू नकोस. त्याचं खरं नाव घेताना माझी जीभ घसरते, आणि तो गिरणीत आला होता तेव्हा दरवाजाच्या चौकटीला डोकं आपटून घेणारा तोच एकटा होता.

इकडचं नेहमीप्रमाणे चालू आहे. निवडखान्यातलं तुझं खिडकीजवळचं टेबल अजून रिकामं आहे. मुकादम म्हणतो, नवी मुलगी ठेवू. मी म्हणते, ठेवा, पण तिथला उजेड बरा नाही. उजेड अख्ख्या गिरणीत तिथेच सगळ्यात चांगला आहे हे त्याला ठाऊक आहे, पण माझ्याशी वाद घालायचं वय त्याचं राहिलं नाही.

परवा तुमच्या भागातल्या गासड्या आल्या. वर काळ्या रंगात शिंगाची खूण. शिडी मेंढ्या कातरायच्या ज्या शेडमध्ये काम करतो तिची हीच खूण ना? त्यातली एक मी फोडली आणि एकेका मेंढीच्या लोकरीच्या गुंडाळ्या काढून टेबलावर टाकत गेले. दाबून दाबून भरल्यामुळे निम्म्या सुटलेल्या, मेंढीची मान कुठली आणि मांडी कुठली ते कळेना. मग एक हाताला वेगळी लागली. घट्ट, जशीच्या तशी. मानेची लोकर ओढून तिचा दोर वळलेला, तो गुंडाळीभोवती फिरवून टोक दोनदा खोचलेलं, आणि पीळ डावा.

या गिरणीत डावा पीळ देणारी मी एकटी, कारण मी डावखुरी. तू उजव्या हाताची, पण माझ्या मांडीवर बसून शिकलीस, म्हणून माझा उलटा पीळ तुझ्या हातात बसला. मुकादम ओरडायचा, पोरी, सरळ वळ. तू म्हणायचीस, माझा हाच सरळ आहे.

म्हणजे तू तिथे टेबलाशी उभी राहतेस. हे तू मला कधी लिहिलं नाहीस, ते मला एका मेंढीकडून कळलं. ती गुंडाळी मी लगेच सोडली नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाजूला ठेवली आणि काकूला सांगितलं, हिला हात लावू नका. शेजारच्या टेबलाशी इतकी वर्षं उभी आहे, तिला कळलं.

आणखी एक गंमत. गिरणीच्या मागे नदीकडे आपला कचऱ्याचा ढीग आहे ना, लोकर झाडून आणि धुऊन निघालेली घाण टाकतात तो? यंदा त्याच्यावर भलतीच झाडं उगवली आहेत. तुमच्याकडच्या लोकरीत काय कमी काटे, कुसळं आणि गोखरू असतात? साबणाच्या उकळत्या टाक्यांतून निघूनही त्यातलं काही जिवंत राहतं म्हणे. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर रोज भिंग घेऊन ढिगाशी येतात. पायजम्याचे पाय मोज्यांत खोचलेले, नाकाला रुमाल. मी डबा घेऊन तिकडे बसते, तेवढीच करमणूक.

त्यातल्या एका झाडाचं पान सोबत पाठवते. मऊ, मागून पांढरी लव. ओळखीचं वाटतं का ते कळव.

आई

२० जून

ठकू,

या वेळी पत्र लांबलचक आलं, वाचून बरं वाटलं. म्हणजे मजकूर वाचून बरं वाटलं नाही, लांबी पाहून वाटलं.

तर ते पान तुमच्या शेडच्या अंगणात पावलोपावली आहे, त्याला पिवळी फुलं येतात, मग गोखरू धरतात, आणि तिथली पोरं ते एकमेकांच्या पाठीला चिकटवतात. मास्तरांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी तीनदा वाचायला लावलं. पाठीला चिकटवतात हे वाक्य त्यांना फारच आवडलं. म्हणाले, म्हणजे या झाडाने पाय नसताना चालायची सोय केली आहे. मी म्हटलं, माझ्या मुलीनेही तेच केलं, शिडी शोधली. ते हसले नाहीत. मास्तरांना विनोद समजावून सांगावा लागतो.

तुझं बाकीचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

तिथे तुझं नाव कोणाला धड घेता येत नाही, दुकानात तू दोनदा बोललीस की माणूस शिडीकडे पाहून उत्तर देतो, टेबलावरच्या बायका तुझा उलटा पीळ एकमेकींना दाखवून हसतात. हे सगळं वाचलं. शिडी चांगला आहे असंही लिहिलंस. 'तो चांगला आहे पण तो सकाळी मेंढ्यांकडे जातो आणि संध्याकाळी मेंढ्यांचा वास घेऊन येतो, दिवसभर मी आणि वारा.' हे वाक्य वाचून मी चष्मा पुसला. चष्म्यावर लोकरीचं तेल बसतं, नेहमीच पुसावा लागतो.

आणि हल्ली चहाचा वास सोसत नाही असं सहज लिहून तू पुढच्या ओळीत हवामानावर गेलीस. अगं, मी काय मेंढी आहे? तुझ्या वेळी मलाही चहा जवळ आणला तरी ढवळून यायचं. किती महिने झाले ते सरळ लिही. जड उचलू नकोस. टेबलाशी तासन्‌तास उभी राहू नकोस, पायाखाली एक पाट घे आणि आलटून पालटून पाय त्यावर ठेव, मी तेच करायचे.

परत येण्याचं तू पुन्हा विचारलं आहेस. बाळ प्रवासाला निघण्याजोगं झालं की यायचं आणि इथेच राहायचं, असं तुझ्या मनात आहे. शिडीला इथे काम मिळणार नाही, त्याला मेंढ्या आणि मोकळं रान लागतं. तो तुला अडवणार नाही म्हणतेस. न अडवणारी माणसं कठीण, त्यांच्याशी भांडताही येत नाही.

मास्तरांना मी सहज विचारलं (तुझं नाव न काढता) की ढिगावरची ही झाडं आता इथलीच झाली म्हणायची का. त्यांनी भिंग पुसलं, म्हणजे आता तास होणार. म्हणाले, "बाई, उगवणं सोपं असतं. दरवर्षी कितीतरी बाहेरचं उगवतं. त्यांना मी पाहुणे म्हणतो. पहिल्या थंडीत बहुतेक जातात."

"आणि उरतात ते?"

"त्यातलेही पुष्कळ नुसते जगतात. फूल नाही, बी नाही. पुढच्या वर्षी तुम्हाला वाटतं तेच झाड आहे, पण ते नव्या गासडीतून आलेलं नवं असतं. गासड्या बंद झाल्या की तेही बंद."

"मग इथलं कधी म्हणायचं?"

"त्याचं बी इथे पडलं, इथेच उगवलं, आणि कोणी हात लावला नाही, तेव्हा. मग मी म्हणेन, रुजलं."

मी म्हटलं, हे पिवळं रुजणार. ते म्हणाले, नाही रुजणार, इथली थंडी त्याला झेपायची नाही. आम्ही पैज लावली आहे. हरणाऱ्याने वर्षभर ढिगाशी दुसऱ्याची खुर्ची वाहून न्यायची.

मी त्यातलं एक रोप मुळासकट उचलून घरामागे, स्वयंपाकघराच्या भिंतीशी लावलं आहे. मास्तरांना सांगितलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पत्रात.

आई

३ सप्टेंबर

ठकू,

घाईत लिहिते आहे, मुकादमाच्या टेबलावर बसून, त्याच्याच शाईने. डॉक्टरने उभं राहायचं काम बंद केलं हे फार चांगलं झालं. कातरणीचा हंगाम तुझ्यावाचून अडणार नाही. घरी बसून करमत नाही म्हणतेस, पण करमत नाही म्हणून कोणी आजारी पडत नाही, उभं राहून पडतं.

हंगामाच्या आधी टेबलावरच्या बायका तुला बघायला घरी आल्या आणि तासभर बसल्या हे तू एका ओळीत उरकलंस. काय बोलल्या? त्या हसणाऱ्याच ना? त्यांनी तुला एक गुंडाळी बांधून दाखवायला का लावली? नीट लिहीत जा गं. मी इथे तुझ्या ओळींमधली जागा वाचत बसते आणि काकू म्हणते, कागद कोरा आहे, काय बघता.

आई

१८ ऑक्टोबर

ठकू,

काल रात्री इथे पहिलं दव गोठलं. सकाळी ढिगावर गेले तर सगळे पाहुणे माना टाकून पडलेले. उंच काटेरी होतं ते काळं पडलं, निळ्या फुलांचं होतं त्याचा चिखल झाला. मास्तर गोणपाट टाकून त्यावर बसले होते, घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करून. दरवर्षी असंच होतं आणि दरवर्षी त्यांचा असाच चेहरा होतो म्हणे.

माझं घरामागचं रोप मात्र ठणठणीत आहे, कारण मी त्याच्यावर संध्याकाळीच गोणपाट घातलं होतं. मास्तरांना चहाला बोलावलं आणि मोठ्या दिमाखात गोणपाट उचलून दाखवलं.

"हे काय केलंत तुम्ही?"

"थंडी होती."

"मग त्याला कळू द्यायची."

"कळली असती तर मेलं असतं."

"मेलं असतं कदाचित. पण आता ते झाड जगलं की तुमचं गोणपाट जगलं, हे मी कसं सांगू?"

मी म्हटलं, तुम्ही मास्तर आहात, तुम्हाला नापास करायची सवय आहे. मला नाही. मी झाकणार. ते चहा न पिताच उठले. मग दारापर्यंत जाऊन परत आले आणि प्यायले.

ठकू, आता उत्तर देते. सहा महिने टाळलं, कारण तू गेलीस तेव्हा मला राग आला होता आणि तू परत यायचं म्हणालीस तेव्हा आनंद झाला, आणि रागाचं कोणी मनावर घेत नाही पण आनंदाची मला भीती वाटली. इतका झाला. मला तू इथे हवी आहेस. सकाळी निवडखान्याचा दरवाजा उघडते तेव्हा आधी तुझ्या टेबलाकडे बघते, मग माझ्या. असं रोज होतं आणि दोन वर्षांत त्यात खंड नाही.

म्हणून ये. बाळाला घेऊन ये आणि इथे राहा. मुकादमाशी बोलले आहे, टेबल तुझंच. आतल्या खोलीतली अडगळ काढायला घेतली आहे, भिंतींना पांढरा रंग देते. तुझं नाव इथे सगळ्यांना घेता येतं. दुकानदार तुझ्याकडे बघून बोलेल. शिडीला वाईट वाटेल, पण तो उंच आहे, त्याला पुढचं लवकर दिसेल. हा विनोद बरा नाही हे मला कळतं. दुसरा सुचला नाही.

तिकीट केव्हाचं काढतेस ते कळव.

आई

९ जानेवारी

माझी ठकू,

तार मिळाली. मुलगी. दोघी सुखरूप. मी ती तार निवडखान्यात वाचली, मग धुलाईच्या टाक्यांशी जाऊन वाचली, मग फाटकावरच्या पहारेकऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, मघाशी तुम्हाला ती मीच आणून दिली. मुकादमाने अर्धी सुट्टी दिली. मी घेतली नाही, घरी जाऊन कोणाला सांगणार?

ती कोणासारखी आहे ते लिही. उंचीचं आताच कळणार नाही, पण पाय बघ.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलं तिकीट पाहून ठेवलं आहेस, पुढच्या महिन्याच्या अखेरीस पैसे भरायचे, हे तुझ्या आधीच्या पत्रात वाचलं. खोली तयार आहे. रंग जरा निळसर आला, रंगाऱ्याने नीळ जास्त घातली. वाईट दिसत नाही. पाळणा काकूने दिला, तिच्या नातवाचा.

पैजेचं सांगायचं राहिलं. गोणपाटाखालचं माझं रोप जिवंत आहे. पान पिवळट, देठ लांबुडके, फूल एक नाही. सकाळी काढते, संध्याकाळी घालते. पण गंमत अशी की धुलाईचं गरम पाणी ज्या नाल्याने नदीत जातं, त्या नाल्याच्या दगडांत याच जातीचं एक झाड होतं. आमचं दोघांचंही तिकडे लक्ष गेलं नव्हतं. त्याने दव सोसलं, फुललं, गोखरू धरले, आणि आता खालच्या दगडांच्या फटींत बारकी बारकी रोपं दिसतात. कोणी लावली नाहीत. मास्तर गुडघ्यावर बसून बघत होते, पायजमा ओला झाला तरी उठेनात. म्हणाले, "बाई, मी हरलो. हे रुजलं."

मी म्हटलं, त्याला गरम पाणी मिळतं, त्यात काय मोठं.

ते म्हणाले, "मिळतं, पण ते त्याने शोधलं. गाडीभर बियांतून एखादीलाच असा नाला सापडतो." मग जरा वेळाने म्हणाले की उन्हाळ्याच्या आत यातली खालची रोपं उपटावी लागतील, नाहीतर गोखरू पलीकडच्या शेतांत जातील आणि शेतकरी आपल्याला शिव्या देतील. रुजलेलं सगळंच भल्याचं नसतं म्हणे. त्यांचा आनंदही असा असतो, त्याला मागे काहीतरी जोडलेलं.

खुर्ची आता ते वाहतात. मला मजा वाटायला हवी होती.

बाळाला माझे पापे. लोकरीत गुंडाळत जा, पण खांद्याची लोकर घे, मांडीची टोचते.

आई

११ फेब्रुवारी

ठकू,

हे पत्र पूर्ण वाच, मध्येच उठू नकोस. बाळ रडलं तर शिडीकडे दे.

सोमवारी तुमच्या भागातला नवा माल आला. शिंगाची खूण. यंदाच्या कातरणीचा, म्हणजे तू घरी बसलेली असतानाचा. त्यामुळे मी काही शोधत नव्हते. काकूशी बोलत बोलत पहिली गासडी फोडली आणि गुंडाळी टेबलावर टाकली. घट्ट होती. दुसरी टाकली, तीही घट्ट. काकू म्हणाली, यंदा बरं बांधलंय, गेल्या खेपेला नुसता गोंधळ होता. तेव्हा मी पीळ पाहिला.

डावा होता. दुसरीचा डावा. मी गासडीत हात घालून खालच्या काढल्या, बाजूच्या काढल्या. सगळ्या डाव्या, टोक दोनदा खोचलेलं.

आधी माझं डोकंच चालेना. वाटलं, डॉक्टरला न जुमानता ही पोरगी तिथे जाऊन उभी राहिली. मनातल्या मनात तुला चांगली झापली. मग एकेक गुंडाळी उजेडात धरली, तुझ्या टेबलाशी नेऊन, कारण तिथला उजेड चांगला आहे. ते तुझे हात नव्हते. एकीचा पीळ सैल, लांबवर ओढलेला, घाईत दिलेला. एकीने दोनदा खोचायचं ते तीनदा खोचलं होतं, भित्र्या स्वभावाची असणार. एकीचा इतका सुबक की मला हेवा वाटला. निरनिराळ्या बायका, निरनिराळे हात, आणि पीळ सगळ्यांचा एक. ज्या हसत होत्या त्याच ना या? घरी येऊन तुला बांधून दाखवायला लावलं ते याचसाठी ना? तुझ्या गुंडाळ्या दाबल्यावर सुटत नाहीत हे त्यांनी पाहिलं असणार. तू मला नीट लिहिलं असतंस तर मला हे गासड्यांतून शोधावं लागलं नसतं.

दुसऱ्या गासडीत तळाशी एक गुंडाळी होती. तिचा पीळ डावाच, पण असा करकचून आवळलेला की सोडताना माझी बोटं दुखली. बोटाएवढा जाड दोर, जणू शिडी भिंतीला बांधायची आहे. हा हात मी ओळखते. गिरणीत शिकायला आला होता तेव्हा माझ्याच टेबलावर त्याने असल्या करकचून बांधल्या होत्या, मी ओरडले होते, मेंढीला फाशी देतोस का. पण तेव्हा तो उजवा वळायचा. कितीदा दाखवलं तरी माझा डावा त्याला जमला नाही. मी शिकवून जमला नाही, तुझ्यासाठी जमवला. तू घरात बसून असताना तो टेबलाशी उभा राहून तुझ्यासारखं बांधायला शिकत होता. तुला त्याने हे सांगितलं आहे का? नसेल. तुम्ही दोघंही सारखेच.

मी त्या गासड्या काकूला फोडू दिल्या नाहीत. सगळ्या मीच सोडल्या. दिवस पुरला नाही तर दुसऱ्या दिवशी सोडल्या.

ठकू, मी तुला दव पडायच्या दिवशी लिहिलं होतं, ये आणि इथे राहा. ते मी गोणपाट हातात घेऊन लिहिलं. आज दुसरं लिहिते. राहायला येऊ नकोस.

हे पत्र मी लिहिलं नसतं तर तू मार्चमध्ये आली असतीस आणि तुला कधी कळलं नसतं. चार दिवस मी हाच विचार केला. गासड्या माझ्याशिवाय कोणी नीट पाहिलेल्या नाहीत, लोकर वेगळी होऊन टोपल्यांत गेली, आता दाखवायला काही उरलेलंही नाही. गप्प बसणं अगदी सोपं होतं. निळसर खोलीत जाऊन पाळण्याशी बसले. तू आलीस तर माझ्याजवळ राहशील, तुझ्या खिडकीशी उभी राहशील, आणि मी रोज संध्याकाळी तुझ्यावर गोणपाट घालीन. तू जगशील. मला ते पुरलं असतं. तुला पुरलं नसतं.

तुला वाटतं तू तिथे परकी आहेस, कारण दुकानदार शिडीकडे बघतो. बघू दे. तो बघणं सोडेल किंवा तू दुकान सोडशील. पण तू हात लावला नाहीस आणि तुझी गोष्ट तिथे आपली आपण उगवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मास्तरांना विचारायचीही गरज पडली नाही. तरी विचारलं. सगळं सांगितलं, या वेळी तुझं नाव घेऊन. त्यांनी भिंग पुसलं, पण तास घेतला नाही. माझी खुर्ची उचलली आणि घरापर्यंत आणून ठेवली, पैजेत ढिगापर्यंतच होती.

माझ्या डाव्या हातावर मुकादम जन्मभर ओरडला. माझ्या आईनेही हातावर फटके मारले होते. आणि मी या गावाबाहेर कधी पाऊल टाकलं नाही, पण तो हात आता समुद्रापलीकडे दहा बायका वापरतात आणि एक शिडी. मी रडले. लिहिते ते सरळच, चष्म्याचं तेल वगैरे काही नाही.

तिकिटाचे पैसे भरू नकोस. परत ये, पण पाहुणी म्हणून ये, पोरगी चालायला लागली की, परतीचं तिकीट आधी काढून, आणि शिडीला घेऊन. चौकटीला वरून चिंध्या बांधून ठेवते. रोपावरचं गोणपाट मी काल काढून टाकलं. थंडी अजून आहे, बघू काय करतं ते.

टेबलाचं मुकादमाला सांगितलं, ठेवा नवी मुलगी. तो म्हणाला, उजेडाचं काय? मी म्हटलं, उजेड चांगला आहे. काकू म्हणते मुलगी हुशार आहे. मी तिला शिकवणार आहे, कसं ते सांगायला नको.

एकच विचारते, आणि या वेळी ओळ गाळू नकोस. पोरगी तुझं बोट धरते ते कोणत्या हाताने?

आई